विटांची भिंत, पण विटांशिवाय

आपल्याकडे विटा उघड्या दिसणं म्हणजे काम अर्धवट राहिल्याची खूण. घर बांधलं, स्लॅब पडला, पैसे संपले, मग बाहेरचा गिलावा तसाच राहतो. येणारा-जाणारा पाहुणा चहा पिता पिता विचारतो, "मग, गिलावा कधी करताय?" या प्रश्नाला वर्षानुवर्षं उत्तर देत आलेल्या एखाद्या बाईला सांगून बघा, की हल्ली लोक चांगल्या गुळगुळीत भिंतीवर मुद्दाम विटा उमटवून घेतात. ती हसेल. घरातल्या सासूबाई तर म्हणतीलच, "एवढे पैसे घालून गिलावा केला तो काय विटा दिसायला?"

पण फॅशन आली आहे खरी. टीव्हीवरच्या मालिकेत, हॉटेलात, नाहीतर पुण्याला राहणाऱ्या नणंदेच्या फ्लॅटमध्ये सोफ्यामागची ती तांबूस भिंत आपण बघतो आणि घरी आल्यावर आपला हॉल जरा फिकाच वाटू लागतो. तशी ही आवड नवी नाही. शनिवारवाड्याचा तट बघा. १७३२ साली पेशव्यांचा हा वाडा उभा राहिला. तटाचा खालचा भाग दगडी आणि वरचा विटांचा. मूळचे इंग्लंडचे, पण केरळचेच होऊन गेलेले वास्तुरचनाकार लॉरी बेकर (१९१७-२००७) यांनी तिरुवनंतपुरममध्ये कितीतरी घरं गिलाव्याशिवाय, उघड्या विटांची बांधली. खर्च वाचावा हा त्यामागचा हेतू होता. अहमदाबादच्या आयआयएमच्या विटांच्या इमारती बघायला तर परदेशातून विद्यार्थी येतात. आणि आपल्या भाषेत 'विटकरी' नावाचा रंगच आहे. साडी घेताना आपण तो बिनचूक ओळखतो, मग भिंतीवर का घाबरायचं?

काही जणी विचारतात, आतमध्ये विटा आहेतच, तर गिलावा काढून त्याच दाखवल्या तर? नको. गिलाव्याखाली जाणार म्हणून गवंड्याने त्या विटा निवडून लावलेल्या नसतात. सांधे वेडेवाकडे असतात, तुकडे घातलेले असतात. गिलावा फोडताना विटांचे टवके उडतात ते वेगळंच. शिवाय अलीकडे बांधलेल्या घरात आत लाल वीट असेलच असं नाही. राखाडी ब्लॉक निघाला तर हौसही गेली आणि गिलावाही गेला. म्हणून वॉलपेपर आणि रंग. घरच्या घरी, दोन माणसांत, तीन-चार दिवसांत होण्यासारखं हे काम आहे. मात्र त्याआधी एक गोष्ट बघायची आहे. ती लांबलचक सांगणार आहे, कारण सगळा खेळ तिच्यावर आहे.

आधी भिंत कोरडी आहे का?

"भिंतीला ओल आहे? मग पेपर लावून टाका ना ताई, दिसायची नाही!" असं सांगणारे दुकानदार भेटतात, रंगारीही भेटतात. ते खोटं बोलत नाहीत. ओल दिसत नाही, दसऱ्यापासून मे महिन्यापर्यंत. पावसाळा सुरू झाला की कागदाच्या कडा सुटायला लागतात. श्रावणात कपाटाजवळ कुबट वास येतो. एखादी कड उचलून बघितली तर कागदाच्या पाठीवर काळे-हिरवे ठिपके. ती बुरशी. घरात दम्याचं माणूस किंवा सारखा सर्दी-खोकला होणारं लेकरू असेल, तर ते त्या भिंतीला टेकून झोपलेलं असतं.

होतं काय, साध्या भिंतीतली ओल हवेत सुकत तरी असते. आजकालचे बरेच वॉलपेपर प्लॅस्टिकचा थर असलेले असतात, फोमचे तर पूर्णच प्लॅस्टिक. त्यातून वाफ बाहेर पडत नाही. ओल आतल्या आत कोंडते आणि गिलावा भुसभुशीत करते. नंतर दुरुस्तीला माणूस बोलावला की आधी कागद खरवडण्याची मजुरी, मग गिलाव्याची, मग रंगाची. आणि "तुझीच हौस होती ना?" हे वाक्य ऐकायला घरातली बाईच असते. पैसे कुणाचेही असोत.

तेव्हा आधी भिंतीला हात लावा. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत रंगाचे पोपडे आलेत का? पांढरा खारासारखा थर, म्हणजे लोणा, फुटलाय का? बोटाने दाबल्यावर गिलावा वाळूसारखा गळतो का? यातलं काहीही असेल तर त्या भिंतीचा नाद सोडा. वरवर काही दिसत नसेल, तरी ही परीक्षा घ्या. हातभर लांब-रुंद जाड प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीवर ठेवून चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बंद करा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. काढल्यावर भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब किंवा दमटपणा दिसला, तर ओल भिंतीतून येते आहे. परीक्षा मे महिन्यात घेऊन उपयोग नाही, तेव्हा सगळ्याच भिंती पास होतात. ती पावसाळ्यात घ्यायची.

ओल सापडली तर ती येते कुठून ते शोधावं लागतं. भिंतीपलीकडे बाथरूम किंवा मोरी आहे का, गच्चीवर पाणी साचतं का, पन्हाळीचं पाणी त्याच कोपऱ्यात पडतं का, बाहेरची माती जोत्याच्या वर चढली आहे का. तो खर्च नटण्या-मुरडण्याचा नाही, त्यामुळे घरात मंजूर करून घेणं अवघड जातं हे मला ठाऊक आहे. पण प्लॅस्टिकच्या तुकड्यावरचे थेंब घरातल्या मंडळींना दाखवले, तर वाद घालायला फारसं उरत नाही.

नवा गिलावा असेल तर किमान महिना-दीड महिना थांबा, पावसाळ्यात त्याहून जास्त. आणि दिवाळीच्या आधी सगळं उरकायची घाई कोकणातल्या, घाटमाथ्यावरच्या मैत्रिणींनी तरी करू नये. आश्विनात भिंती अजून पाणी धरून असतात. थंडी पडल्यावर, मार्गशीर्षात, भिंत खडखडीत कोरडी असते आणि रंगारीही मोकळे असतात.

कुठली भिंत?

एकच भिंत घ्यायची, चारही नव्हेत. दोन खोल्यांमधली आतली भिंत सगळ्यात चांगली, कारण तिला बाहेरचा पाऊस लागत नाही. सोफ्यामागची, टीव्हीमागची, पलंगाच्या उशाकडची, कुठलीही चालेल. गॅसच्या मागे नको. तेलकट वाफ सांध्यांत बसते, शिवाय फोमच्या विटा पेट घेतात. याच कारणासाठी देवघराची समई किंवा उदबत्तीचं घर जिथे आहे, तिथेही फोम नको.

खोली लहान असेल, म्हणजे दहा बाय दहा वगैरे, तर गडद लाल विटांनी ती आणखी लहान वाटते. तिथे पांढुरक्या विटा घ्या. उरलेल्या तीन भिंती साध्या, मोतिया किंवा फिकट क्रीम ठेवा. त्या भिंतीवर मग कॅलेंडर, फ्रेमा, घड्याळ, मुलांची प्रशस्तिपत्रकं असं सगळं लावायचं नाही. विटा म्हणजेच तिथली सजावट. (हे पाळणं मात्र कठीण आहे, बरं का. लग्नाचा फोटो कुठे न्यायचा, हा प्रश्न येतोच.)

कागद किती लागेल?

बाजारात तीन तऱ्हा मिळतात. एक, मागे चिकट असलेला स्टिकर. लावायला सोपा, पण चुन्याच्या किंवा जुन्या डिस्टेंपरच्या भिंतीवर टिकत नाही. भिंतीवर हात घासून बघा, हाताला पांढरं लागलं तर स्टिकर खाली येणारच. अशा भिंतीला आधी खरवडून प्रायमर मारावा लागतो. दुसरी तऱ्हा फोमच्या उठावदार चौकोनांची. त्यातला एक मोठा तुकडा साधारण ७० बाय ७७ सेंटीमीटरचा, म्हणजे पावणेसहा चौरस फुटांचा. दुरून छान दिसतो, पण मुलांच्या नखांनी, पेन्सिलीने, खुर्चीच्या पाठीने खड्डे पडतात आणि ते परत भरत नाहीत. तिसरी तऱ्हा खळीने लावायच्या उठावदार कागदाची. मला विचाराल तर टिकाऊपणात हाच बरा, आणि यातल्या पांढऱ्या कागदावर आपल्याला हवा तसा रंगही देता येतो.

या कागदाचा रोल बहुतेक ५३ सेंटीमीटर रुंद आणि १० मीटर लांब असतो, म्हणजे सुमारे २१ इंच रुंद आणि ३३ फुटांना थोडा कमी. दुकानदार "सत्तावन्न फूट बसतो" म्हणतो ते चौरस फूट. पण भिंतीचे चौरस फूट काढून सत्तावन्नने भागू नका, फसाल. विटांची ओळ शेजारच्या पट्टीत बरोब्बर पुढे जायला हवी, म्हणून दर पट्टीला थोडा कागद वाया जातो. हिशेब पट्ट्यांत करा. दहा फूट म्हणजे १२० इंच रुंदीच्या भिंतीला २१ इंचांच्या सहा पट्ट्या लागतात. उंची नऊ-दहा फूट असेल तर एका रोलमध्ये तीन पट्ट्या बसतात, म्हणजे दोन रोल. जुन्या घरात उंची साडेदहा-अकरा फूट असते, तिथे एका रोलच्या दोनच पट्ट्या होतात आणि तीन रोल लागतात. फूटभर उंचीने अख्खा रोल वाढतो! डिझाइन किती सेंटीमीटरनंतर पुन्हा येतं, हे रोलच्या वेष्टनावर लिहिलेलं असतं. ते वाचून दुकानदाराकडूनच पट्ट्या मोजून घ्या. आणि सगळ्या रोलवरचा बॅच नंबर एकच आहे ना, हे दुकानातच बघा. नंबर वेगळा असला की रंगात फरक पडतो, आणि तो फरक घरी भिंतीवरच कळतो.

खळ, ओळंबा आणि नवं ब्लेड

आदल्या दिवशी भिंतीची भोकं पुट्टीने भरून, पॉलिश पेपर मारून, प्रायमरचा एक हात द्यायचा. कामाच्या दिवशी मेन स्विच बंद करून स्विचबोर्डाची प्लेट सैल करून घ्या. ओला कागद आणि वीज यांची गाठ नको. हे काम त्यातल्या जाणकाराकडूनच करवून घ्यावं.

वॉलपेपरची खळ पुडीतून मिळते, पाण्यात कालवायची. घरी मैद्याची खळ करून पैसे वाचवू नका. मैद्याच्या खळीवर झुरळं आणि कसर तुटून पडतात. जुने पुस्तकबांधणीवाले खळीत मोरचूद घालायचे ते याचसाठी, पण ते विष आहे, लहान मुलांच्या घरात नको.

पहिली पट्टी कोपऱ्याच्या भरवशावर लावू नका. आपल्या घरांचे कोपरे क्वचितच सरळ असतात. गवंडी वापरतो तो ओळंबा घ्या, नाहीतर दोऱ्याला जड किल्ली बांधा. कोपऱ्यापासून साडेवीस इंचांवर वरून खाली पेन्सिलीने रेघ मारा आणि पहिल्या पट्टीची कड त्या रेघेला लावा. ही रेघ चुकली तर पुढच्या पाचही पट्ट्यांत विटा उतरत जातात.

पट्टी वर-खाली दोन-दोन इंच जास्त ठेवून कापा. खळ लावल्यावर खळीची बाजू आत घेऊन सैल घडी घाला आणि पुडीवर लिहिलं असेल तितकी मिनिटं कागद भिजू द्या. साडी दोघींनी धरून घडी घालतो, तशीच दोघींनी ती पट्टी उचलायची. एकीने वरून लावत यायचं, दुसरीने खालचं टोक सांभाळायचं. मऊ कोरड्या फडक्याने मधून कडेकडे हवा काढत जा. उठावदार कागदावर लाटणं किंवा रोलर दाबून फिरवू नका, विटा चपट्या होतात. पंखा बंद ठेवा. उकडतं खरं, पण कागद भराभर सुकला की आक्रसतो आणि सांध्यांत फट पडते. ओला कागद कापायला दर पट्टीला नवं ब्लेड घ्या. बोथट ब्लेडने कागद कापला जात नाही, फाटतो. ब्लेड स्वस्त असतात, इथे काटकसर नको.

खरी गंमत रंगात

कागद दोन दिवस सुकू द्या. आता भिंत बघितली तर काहीतरी खोटं वाटेल. याचं कारण असं, की छापील कागदात तीच काळपट वीट, तोच तुटका कोपरा ठरावीक अंतराने पुन्हा येतो. डोळा ते लगेच पकडतो. खऱ्या भिंतीत दोन विटा सारख्या नसतात. भट्टीत आगीजवळची वीट खंगर होते, काळपट आणि काचेसारखी. आचेपासून लांब राहिलेली पिवळसर. मधली ती खरी विटकरी.

गावाबाहेर वीटभट्टी असेल तर दिवाळीनंतर एकदा चक्कर मारा. भट्ट्या तेव्हा सुरू होतात आणि पावसाच्या आधी थांबतात. दोन-चार रंगांचे तुकडे मागून आणा. रंगाच्या दुकानातल्या कार्डापेक्षा हे तुकडे भिंतीशेजारी ठेवून रंग मिसळणं सोपं जातं.

मिसळायला मॅट इमल्शन आणि स्टेनरच्या छोट्या बाटल्या घ्या. विटकरी, चॉकलेटी-काळपट आणि पिवळट मातकट असे तीन रंग पुरतात. अर्ध्याला अर्धं पाणी घालून पातळ करा. भांडी घासायचा नवा स्पंज बुडवून, चांगला पिळून, ठिकठिकाणच्या विटांवर नुसता टेकवा. दहातल्या दोन-तीन विटा पुरेत. तीच वीट जिथे जिथे पुन्हा आली असेल, तिथे वेगळा रंग. पांढुरकी भिंत हवी असेल तर पांढऱ्या इमल्शनमध्ये दुप्पट पाणी घालून फडक्याने पुसल्यासारखं लावा आणि लगेच दुसऱ्या फडक्याने टिपा. आधी उरलेल्या तुकड्यावर करून बघा. चकचकीत प्लॅस्टिकच्या कागदावर रंग धरत नाही, तो नखाने निघून येतो.

कागदाला पैसे नसतील तर

तर नुसत्या रंगाने करा. माझ्या मते ही भिंत जास्त जिवंत दिसते, आणि ओलीच्या बाबतीतही कागदापेक्षा कमी धोक्याची. सांध्यांचा रंग आधी सगळ्या भिंतीला द्यायचा. तो सिमेंटसारखा राखाडी नको, किंचित मळका क्रीम घ्या. दोन हात द्या आणि पूर्ण सुकू द्या. मग गादीवाल्याकडून फोमचा तुकडा आणून नऊ इंच लांब, तीन इंच उंच असा कापा. हा आपला ठसा.

भिंतीवर खालपासून साडेतीन-साडेतीन इंचांवर आडव्या रेघा मारा. तीन इंच वीट, अर्धा इंच सांधा. रेघ समपातळीत यायला गवंड्याची पाणसळ मागून आणा, फरशीवरून मोजू नका. मग ताटलीत तिन्ही रंग शेजारी शेजारी ओता, कालवू नका. ठसा त्यात हलकेच टेकवा, वर्तमानपत्रावर एकदा दाबा, मग भिंतीवर. दोन ठशांमध्ये अर्धा इंच जागा सोडा. दुसऱ्या ओळीची सुरुवात अर्ध्या विटेने, तिसरी पुन्हा पूर्ण विटेने. गवंडी याला सांधेमोड म्हणतात. सांध्यावर सांधा आला तर खरी भिंत तडकते आणि खोटी भिंत खोटी दिसते. ठिपक्यांची रांगोळी एकाआड एक मांडणाऱ्या हाताला हे शिकवावं लागत नाही.

नऊ फूट उंच आणि दहा फूट रुंद भिंतीवर एकतीस ओळी आणि साधारण चारशे ठसे होतात. एका दिवसात संपवायचा हट्ट धरू नका, खांदा भरून येतो. दुसऱ्या दिवशी बारीक ब्रशने प्रत्येक विटेच्या खालच्या कडेला आणि खिडकीच्या विरुद्ध बाजूच्या कडेला पातळ चॉकलेटी रेघ ओढा. ती सावली. तिने विटा भिंतीतून वर येतात. ठसा कुठे अर्धवट उमटला असेल तर तसाच राहू द्या. मास्किंग टेपने चौकटी आखून रंग देणाऱ्याही आहेत. त्यांनी अर्ध्या इंचाची टेप घ्यावी आणि रंग ओलसर असतानाच ती काढावी. रात्रभर ठेवलेली टेप खालचा रंग घेऊन येते.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी भिंतीला हातच लावू नये. स्टिकर "सहज निघतो" असं सांगतात, पण जुन्या डिस्टेंपरवरून तो निघताना रंगाचे पापुद्रे घेऊन निघतो आणि मग डिपॉझिटमधून पैसे कापले जातात. त्यापेक्षा आठ बाय चार फुटांचा पातळ प्लायवुड घ्या, त्यावर ठसे उमटवा आणि सोफ्यामागे आडवा उभा करा. कलंडू नये म्हणून मालकांना विचारून वर दोन स्क्रू मारले की झालं. नवऱ्याची बदली झाली, तर टेम्पोत सगळ्यात शेवटी हीच भिंत चढवायची. आणि ओली भिंत असलेल्यांनाही हाच मार्ग, फक्त फळी आणि भिंत यांच्यात दोन बोटं हवा खेळायला जागा ठेवा. मागे काय चाललंय ते महिन्यातून एकदा वाकून बघता येतं.

झाडताना या भिंतीवरून कोरडा मऊ झाडू फिरवा, ओलं फडकं सांध्यांत कळकट रेघा सोडतं. उरलेला कागद गुंडाळून कपाटावर ठेवा आणि त्यावर बॅच नंबर लिहा. रंगाच्या डब्यांत तळाशी उरलेले तिन्ही रंग छोट्या बाटल्यांत भरून ठेवा, झाकणावर प्रमाण लिहून. मुलाची सायकल हॉलमध्ये येणारच आहे.